सिलिंडरमधला गॅस द्रव का असतो? व्हॅन डर वाल्स नावाच्या शाळामास्तरांची गोष्ट



घरातला गॅस सिलिंडर उचलताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. आत काहीतरी डचमळतं. नाव गॅस, आणि आत चक्क द्रव! लहानपणी मला याचं फार नवल वाटायचं. सिलिंडर संपत आला की आई तो जरा तिरका करून बघायची. (हे तुम्ही करू नका, धोक्याचं आहे. सिलिंडर नेहमी उभाच हवा.)

आता दुसरं उदाहरण बघा. रिक्षात सीएनजी भरतात तेव्हा टाकीतला दाब साधारण २०० बार असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ दोनशे पट. एवढं दाबूनही त्या टाकीत द्रवाचा एक थेंब होत नाही. आणि स्वयंपाकघरातला एलपीजी मात्र त्याच्या कितीतरी कमी दाबात द्रव होऊन बसतो. दोन्ही इंधनंच, दोन्ही कार्बन आणि हायड्रोजनचीच बनलेली. मग हा फरक कुठून आला?

या प्रश्नाचं पहिलं नीट उत्तर ज्यांनी दिलं, त्यांचं नाव मी कॉलेजात असताना एका समीकरणापुरतं पाठ केलं होतं. समीकरणात ए आणि बी अशी दोन अक्षरं होती. परीक्षेत आकडे टाकले, गुण मिळाले, विषय संपला. त्या दोन अक्षरांमागे कोण माणूस होता हे मी बऱ्याच वर्षांनी वाचलं आणि मला जरा लाजच वाटली. आज त्यांचीच गोष्ट सांगतो.

सुताराचा मुलगा

योहानेस डिडेरिक व्हॅन डर वाल्स यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८३७ रोजी नेदरलँड्समधल्या लायडेन या गावी झाला. वडील सुतार. दहा भावंडं, त्यात हे सगळ्यांत थोरले. लायडेनला जुनं आणि नावाजलेलं विद्यापीठ होतं, पण सुताराच्या मुलाचा आणि विद्यापीठाचा तसा काही संबंध येत नसे. कारण विद्यापीठात जायचं तर आधी एका खास प्रकारच्या शाळेत शिकावं लागे. तिथे लॅटिन आणि ग्रीक शिकवत, आणि ती शाळा पैसेवाल्यांच्या मुलांसाठी होती.

या मुलाने साधी शाळा पंधराव्या वर्षी संपवली आणि तो प्राथमिक शाळेत शिकाऊ मास्तर म्हणून लागला. दिवसा शिकवायचं आणि उरलेल्या वेळात स्वतः अभ्यास करायचा. एकेक परीक्षा देत ते आधी शिक्षक आणि मग मुख्याध्यापक झाले. एखाद्याने इथेच समाधान मानलं असतं.

लॅटिनचं कुलूप

१८६२ पासून ते लायडेन विद्यापीठात गणित, भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राच्या व्याख्यानांना बसू लागले. बसायला परवानगी होती, परीक्षेला नव्हती! लॅटिन आणि ग्रीक येत नाही, म्हणजे पदवी नाही. भौतिकशास्त्र कितीही येत असलं तरी नाही. वर्गात शेजारी बसलेला विद्यार्थी पदवी घेऊन जाणार आणि हे घरी जाणार, असा तो प्रकार.

त्याच सुमाराला डच सरकारने नव्या धर्तीच्या माध्यमिक शाळा काढल्या. तिथे विज्ञान आणि आधुनिक भाषांवर भर होता, आणि अर्थातच शिक्षक हवे होते. व्हॅन डर वाल्स यांनी गणित आणि भौतिकशास्त्र शिकवण्याच्या परीक्षा दिल्या आणि डेव्हेंटर या गावी त्यांना नोकरी लागली. ॲना माग्दालेना स्मिट यांच्याशी लग्न झालं ते याच काळात. १८६६ मध्ये ते द हेग शहरात आले. तिथून लायडेन जवळ, त्यामुळे व्याख्यानं पुन्हा सुरू.

पुढे कायदा बदलला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना लॅटिन-ग्रीकच्या अटीतून सूट मिळाली. दार उघडलं तेव्हा ते तिशी ओलांडलेले, संसारी आणि पूर्ण वेळ नोकरी करणारे गृहस्थ होते. तरी ते आत गेले. १४ जून १८७३ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. प्रबंध डच भाषेत होता आणि विषय होता वायू आणि द्रव या अवस्थांमधलं सातत्य.

अडचण नेमकी काय होती?

आता जरा विज्ञान. त्या काळी वायूंसाठी एक सोपा नियम होता. दाब दुप्पट केला की आकारमान निम्मं होतं, तापमान वाढवलं की वायू पसरतो. साध्या दाबाला हा नियम छान चालतो. पण त्या नियमाप्रमाणे वायू कधीच द्रव व्हायला नको! कितीही दाबा, तो नुसता लहान लहान होत जाईल. प्रत्यक्षात तसं घडत नाही. फॅरडे यांनी क्लोरीनसारखे बरेच वायू द्रव करून दाखवले होते. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, मिथेन असे काही मात्र कशालाच दाद देत नव्हते. त्यांना लोक कायमचे वायू म्हणू लागले होते.

१८६९ मध्ये बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांना असं दिसलं, की सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या खाली हा वायू दाबला की द्रव होतो. त्याच्या वर मात्र कितीही दाबा, द्रव आणि वायू यांना वेगळं करणारी रेषाच दिसत नाही. या तापमानाला क्रांतिक तापमान म्हणतात. (आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा भिंतीवर टांगलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक नळकांड्यात नेमकी हीच स्थिती असते. आत ना धड द्रव, ना धड वायू.)

म्हणजे काय घडतं ते समोर होतं. का घडतं ते कुणाला सांगता येत नव्हतं.

दोन साध्या दुरुस्त्या

व्हॅन डर वाल्स यांनी क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाचा उष्णतेवरचा १८५७ चा लेख वाचला होता. वायू म्हणजे सतत धावणारे रेणू, ही कल्पना त्यांना तिथे मिळाली. मग त्यांनी एक सरळ प्रश्न विचारला. वायूतले रेणू आणि द्रवातले रेणू जर तेच असतील, तर दोघांना वेगवेगळे नियम कशाला? नियम एकच हवा.

जुन्या नियमात दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. रेणूंना आकार नाही आणि रेणू एकमेकांना ओढत नाहीत. व्हॅन डर वाल्स यांनी दोन्ही दुरुस्त केल्या.

पहिली दुरुस्ती जागेची. एसटीची गाडी कितीही मोठी असली तरी आत बसलेल्या माणसांनी काही जागा अडवलेलीच असते. हलायला मिळते ती उरलेली. तसंच रेणूंचं. म्हणून एकूण आकारमानातून बी हा आकडा वजा करायचा. हा आकडा रेणूंच्या स्वतःच्या आकारमानाच्या साधारण चौपट येतो, हेही त्यांनी मांडलं.

दुसरी दुरुस्ती ओढीची. भिंतीवर आदळायला निघालेल्या रेणूला मागचे रेणू थोडे मागे खेचतात, म्हणून तो जरा हळू आदळतो. लोकलच्या दारातून उतरताना मागून कुणी पिशवी धरून ठेवावी तसं. आता बघा, वायू दुप्पट दाट केला की आदळणारे दुप्पट होतात आणि मागे खेचणारेही दुप्पट. म्हणजे परिणाम चौपट. म्हणून ही दुरुस्ती आकारमानाच्या वर्गाने भागून येते, आणि तिचा आकडा म्हणजे ए.

एक मोल वायूसाठी सगळं एकत्र लिहिलं की असं दिसतं:

(दाब + ए ÷ आकारमानाचा वर्ग) × (आकारमान − बी) = वायूचा स्थिरांक × तापमान

बस, एवढंच. या एका ओळीतून क्रांतिक तापमान बाहेर पडतं. ओढ जास्त आणि आकार कमी, तर क्रांतिक तापमान वर. ओढ कमी, तर खाली. कार्बन डायऑक्साइडचा ए हा हीलियमच्या ए च्या सुमारे शंभर पट आहे. म्हणूनच एकाचं क्रांतिक तापमान ३१ अंश, तर दुसऱ्याचं उणे २६८.

आता सुरुवातीचा प्रश्न सोडवून टाकू. मिथेनचं क्रांतिक तापमान उणे ८२ अंशांच्या आसपास आहे. आपल्या रस्त्यावर एवढी थंडी पडणं शक्य नाही, म्हणून सीएनजी कितीही दाबा, तो वायूच राहणार. प्रोपेनचं क्रांतिक तापमान सुमारे ९७ अंश, ब्यूटेनचं १५२. एलपीजी या दोघांचं मिश्रण. आपण कायम त्या तापमानांच्या खाली राहतो, म्हणून थोड्या दाबात तो द्रव होतो. आणि द्रवाचा एक लिटर बाहेर आला की साधारण अडीचशे लिटर वायू होतो, म्हणून तर एवढ्याशा सिलिंडरवर घर महिनाभर चालतं.

बंध वेगळा, ओढ वेगळी

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, माझाही व्हायचा. पाणी उकळलं की त्याचे रेणू फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात का? नाही. वाफसुद्धा पाणीच असते. रेणूच्या आतले अणू ज्याने बांधलेले असतात तो रासायनिक बंध. एक रेणू शेजारच्या रेणूला ज्याने ओढतो ते आंतररेण्वीय बल. पहिला घट्ट, दुसरं तुलनेने सैल.

किती सैल? १८ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्याच पाण्यातले सगळे बंध तोडायचे तर ९०० किलोज्यूलपेक्षा जास्त. म्हणजे वीसपटीहून अधिक फरक! उकळणं, वितळणं, वाळणं यात बहुतेक पदार्थांची फक्त सैल गाठ सुटते. (मीठ किंवा हिरा यांची गोष्ट निराळी. तिथे सुटे रेणूच नसतात, सगळा तुकडा बंधांनीच बांधलेला असतो. म्हणून मीठ वितळायला ८०१ अंश लागतात.)

ही सैल ओढ बदलली की पदार्थाचं रूप बदलतं. क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन एकाच घराण्यातले. रेणूतला बंध तिघांचा एकाच जातीचा. पण रेणू मोठा होत जातो, त्यात इलेक्ट्रॉन वाढतात आणि शेजाऱ्याला ओढणं वाढतं. म्हणून साध्या तापमानाला क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव आणि आयोडीन घन. मिथेन वायू, पेट्रोल द्रव आणि मेणबत्तीचं मेण घन, यामागेही हेच कारण आहे. साखळी लांबली की ओढ वाढते.

आणि पाणी? मिथेनचा रेणू १६ वजनाचा, पाण्याचा १८. जवळजवळ सारखेच. पण मिथेन उणे १६२ अंशांना उकळतो आणि पाणी १०० अंशांना. पाण्याच्या रेणूत विद्युतभाराची वाटणी असमान आहे, त्यामुळे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधाने धरतात. ही साध्या ओढीपेक्षा बरीच दणकट पकड आहे. ती नसती तर पृथ्वीवर नदी-समुद्र दिसलेच नसते.

खुद्द व्हॅन डर वाल्स यांना ही ओढ कशामुळे येते ते माहीत नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७ चा! ओढ आहे एवढं धरून त्यांनी हिशेब मांडला. कारणाचा उलगडा १९३० मध्ये फ्रिट्झ लंडन यांनी क्वांटम यांत्रिकीतून केला.

मॅक्सवेल आणि डच भाषा

प्रबंध बाहेर आला आणि त्याची चर्चा सुरू झाली. इंग्लंडमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७४ मध्ये नेचर नियतकालिकात त्याचं परीक्षण लिहिलं. काही गणिती पायऱ्या त्यांना पटल्या नव्हत्या, त्या त्यांनी दाखवून दिल्या. पण काम मोठं आहे हे मोकळेपणाने मान्य केलं, आणि या प्रबंधापायी एकाहून अधिक अभ्यासक डच भाषा शिकायला लागले आहेत अशी नोंदही केली. पुढे १८८१ मध्ये जर्मन आणि १८९० मध्ये इंग्रजी भाषांतर आलं.

मला हा भाग फार आवडतो. लॅटिन येत नाही म्हणून ज्यांना परीक्षेला बसू दिलं नव्हतं, त्यांचं डच वाचण्यासाठी आता इतरांना शब्दकोश उघडावा लागत होता.

१८७७ मध्ये ॲमस्टरडॅमला नवं विद्यापीठ झालं आणि व्हॅन डर वाल्स तिथे भौतिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. गंमत म्हणजे त्याच वर्षाच्या अखेरीला फ्रान्समध्ये कायते यांनी आणि स्वित्झर्लंडमध्ये पिक्ते यांनी ऑक्सिजन द्रव केला. कायमचे वायू कायमचे नाहीत, हे दिसायला लागलं.

चांगलं चाललं असताना

१८८० मध्ये त्यांनी आणखी एक मोठी गोष्ट मांडली. प्रत्येक वायूचं तापमान, दाब आणि आकारमान त्याच्या स्वतःच्या क्रांतिक आकड्याच्या पटीत मोजलं, तर सगळे वायू जवळजवळ सारखेच वागतात. हा संगत अवस्थांचा नियम. याचा फायदा असा, की एका वायूचा अभ्यास करून दुसऱ्या, कधी द्रव न झालेल्या वायूबद्दल अंदाज बांधता येतो.

आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी ॲना क्षयाने गेल्या. वय अवघं ३४. मागे तीन मुली आणि एक मुलगा. व्हॅन डर वाल्स पार खचले. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, आणि जवळजवळ दहा वर्षं काहीही प्रसिद्ध केलं नाही. शिकवणं चालू होतं, पण लेखणी थांबली होती. मुली मोठ्या झाल्यावर एकीने घर सांभाळलं. दुसरी, जॅकलिन, कवयित्री म्हणून नावाजली. मुलगा भौतिकशास्त्रात गेला आणि पुढे ॲमस्टरडॅममध्ये वडिलांच्याच जागी प्राध्यापक झाला.

१८९० मध्ये व्हॅन डर वाल्स परत आले ते मिश्रणांचा सिद्धांत घेऊन. दोन पदार्थ एकत्र असताना द्रव आणि वायू कसे वागतात, याचा तो हिशेब. आज तेलशुद्धीकरण कारखान्यात कच्चं तेल वेगवेगळं करताना जी अवस्था समीकरणं वापरतात, त्यातली बरीचशी या घराण्यातली आहेत.

शेवटचा हट्टी वायू

हायड्रोजन १८९८ मध्ये लंडनला जेम्स ड्यूअर यांनी द्रव केला. राहिला हीलियम. सगळ्यांत कमी ओढ असलेला, म्हणून सगळ्यांत हट्टी.

लायडेनमध्ये हाइके कामरलिंग ओनेस हे व्हॅन डर वाल्स यांचे मित्र होते. त्यांनी मोठी प्रयोगशाळा उभारली होती आणि संगत अवस्थांचा नियम हा त्यांचा नकाशा होता. हीलियमचे दाब आणि आकारमान मोजून त्यांनी आधीच अंदाज बांधला, की याचं क्रांतिक तापमान निरपेक्ष शून्याच्या वर ५-६ अंशांवर असावं. मग १० जुलै १९०८ रोजी हीलियम द्रव झाला. प्रत्यक्ष आकडा ५.२ निघाला. विचार करा, त्याआधी हीलियमचा द्रव कुणी बघितलाही नव्हता!

तीन वर्षांनी याच थंडीत ओनेस यांना अतिवाहकता सापडली. आज एमआरआय मशीनमधले चुंबक थंड ठेवायला तोच द्रव हीलियम वापरतात.

नोबेल, आणि एक जुना वाद

१९१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल व्हॅन डर वाल्स यांना मिळालं. वय ७३. नोबेल व्याख्यानात त्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली. रेणू खरोखर आहेत याबद्दल आपल्याला कधीच शंका नव्हती.

आज हे ऐकून आपल्याला वाटेल, यात काय विशेष? पण त्या काळी माख आणि ओस्टवाल्डसारखी मोठी माणसं म्हणत, की रेणू ही हिशेबाची सोय आहे, खरी वस्तू नव्हे. फ्रान्समध्ये पेराँ यांच्या प्रयोगांनी हा वाद जवळजवळ मिटवला तो १९०८-०९ च्या सुमारास. त्याच्या ३५ वर्षं आधी व्हॅन डर वाल्स यांनी आपलं सगळं काम रेणूंना आकार आहे आणि ओढ आहे या भरवशावर उभं केलं होतं. रेणू नसते, तर ते काम हातात काहीच राहिलं नसतं.

समीकरण अचूक आहे का? नाही, आणि हे त्यांनाही माहीत होतं. क्रांतिक बिंदूपाशी दाब, आकारमान आणि तापमान यांचं जे गुणोत्तर ते ०.३७५ सांगतं, ते बहुतेक खऱ्या वायूंचं ०.२७ ते ०.३० च्या दरम्यान भरतं. पुढच्या लोकांनी सुधारणा केल्या. पण पाया तोच राहिला, रेणूचा आकार आणि रेणूची ओढ.

८ मार्च १९२३ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, ॲमस्टरडॅममध्ये त्यांचं निधन झालं.

आज आपल्या घरात

फ्रीजच्या मागच्या लेबलवर आर-६००ए असं लिहिलंय का बघा. तो आयसोब्यूटेन, उणे १२ अंशांच्या आसपास उकळणारा. त्याची वाफ होताना रेणूंना एकमेकांची ओढ तोडावी लागते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो आतल्या दुधा-भाजीकडून घेतो. कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून पुन्हा द्रव करतो. म्हणजे तुमचा फ्रीज दिवसभर ए या अक्षरावर चालतो. भिंतीवरची पाल पडत नाही तीही याच ओढीमुळे. तिच्या पायावरचे लाखो बारीक केस भिंतीच्या इतके जवळ जातात, की एरवी न जाणवणारी ही ओढ तिचं वजन पेलते.

पुढच्या वेळी गॅसवाले दादा सिलिंडर आणून ठेवतील तेव्हा आतलं डचमळणं ऐका, आणि घरातल्या मुलांना विचारा, की रिक्षाची टाकी अशी का डचमळत नाही. उत्तर आता तुम्हाला माहीत आहे. पुढच्या लेखात हायड्रोजन बंध जरा सविस्तर बघू, बर्फ पाण्यावर का तरंगतो इथपासून सुरुवात करू.